सव्वातीनच्या आत

दुपारचे तीन वाजले की माझा पाय हलायला लागतो. बसल्या जागी, आपोआप. मी शेंगा सोलत असू दे नाहीतर समोर पाहुणे बसलेले असू देत. आमचे हे म्हणतात, "अगं, ऑफिस सुटलं तुझं, पाय तरी ठेव जाग्यावर." ठेवते. जरा वेळाने पुन्हा सुरू. सव्वातीन होऊन गेले की मगच तो गप्प बसतो. निवृत्त मी झालेय, पायाला अजून कोणी कळवलेलं नाही.

नौपाड्यात एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आमच्या साहेबांचं शेअर ब्रोकिंगचं ऑफिस. तिथे मी डीलर होते. म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून कळलेलं नाही. ती सगळीकडे "वहिनी शेअरमध्ये आहे" असं सांगत फिरते आणि लोक मला उगाच मोठी समजतात. डीलर म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने बटण दाबणारी बाई, बस्स. फोनवर त्याची ऑर्डर ऐकायची, मोठ्याने परत म्हणून दाखवायची, तो "हो" म्हणाला की दाबायचं. हे सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. का, तर तोटा झाला की आपण काय बोललो होतो ते भल्याभल्यांना आठवत नाही.

आमच्या गल्लीतले एक दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात यंत्र घालून फोन स्पीकरवर ठेवायचे. मी ऑर्डर परत म्हणून दाखवली की खुर्चीतून "आँ" असा आवाज यायचा, आणि मला विचारावं लागायचं, "डॉक्टर, हे 'हो' तुमचं की त्यांचं?" चरईतल्या एक वहिनी कुकर लावून फोन करायच्या. "तिसऱ्या शिट्टीला विका हं." मी इकडे कानाला फोन लावून शिट्ट्या मोजतेय. एकदा त्यांचा गॅस संपला, तिसरी शिट्टी झालीच नाही, आणि शेअर नेमका त्याच दिवशी वर वर जात राहिला. त्या वर्षीपासून गॅसवाल्याला त्यांनी घसघशीत दिवाळी द्यायला सुरुवात केली. अशी सगळी माणसं. मला आवडायची. वैतागही तितकाच यायचा.

हे बहुतेक सगळे इंट्राडेवाले. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं, मधला फरक आपला. शेअर घरी न्यायचाच नसतो, म्हणून थोड्या पैशात पुष्कळ मोठा सौदा करता येतो. मात्र सव्वातीनच्या आत ज्याने आपला सौदा मिटवला नाही, त्याचा तो कॉम्प्युटर मिटवून टाकतो, समोर जो भाव असेल त्या भावात. म्हणून हा पाय. तीन वाजले की मी एकेकाला फोन लावायला घ्यायची. "काका, तुमचं उघडं आहे अजून, काय करू?" काका म्हणायचे, "थांब गं, वर जाईल." सगळे काका हेच म्हणायचे. फायदा झाला की खालून ढोकळा यायचा, आणि तोटा झाला की गिऱ्हाइकाच्या फोनला रेंज नसायची.

लग्नात, बारशाला, कुठेही गेले तरी मला एकच प्रश्न. "घरबसल्या यावर चार पैसे सुटतात का हो?" सुटतात की. एखाद्या दिवशी मस्त सुटतात, आणि तोच दिवस माणसाचा घात करतो, कारण पुढचे सगळे दिवस तो तसेच धरून चालतो. पण वाणी, लाइटबिल, शाळेची फी, हे महिनोन्‌महिने नेमाने इंट्राडेवर चालवणारं माणूस मी आमच्या ऑफिसात एकच पाहिलं. ते म्हणजे मी. गिऱ्हाईक जिंको नाहीतर हरो, प्रत्येक सौद्यावर ऑफिसला दलाली मिळे आणि त्यातून माझा पगार निघे. डोंबिवलीचं आमचं घर, मुलाचं इंजिनिअरिंग, सगळं त्या "थांब गं, वर जाईल"वर झालं. हे मी पूर्वी टाळ्या देत सांगायची. हल्ली सांगताना तितकंसं हसू येत नाही.

मनीषाने विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तेव्हा दुसऱ्यांच्या बालवाडीत शिकवायची आणि स्वतःची काढायची म्हणून कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकत होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक जागा तिने हेरलेलीसुद्धा. भिंतीवर हत्ती काढायचा की जिराफ, इथपर्यंत ठरलेलं. तिचा नवरा नीलेश शहाडला एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये. हसरा मुलगा, जरा उतावळा. शिफ्टमुळे दुपारी मोकळा असायचा, त्यात हा नाद लागला आणि तो आमचं गिऱ्हाईक झाला. जिन्यात मनीषाने मला गाठलं. "ताई, हा सारखा म्हणतो, नोकरीपेक्षा यात जास्त आहे. खरंच घर चालतं यावर?" मी माझी पगाराची गोष्ट सांगितली. तिने ती नीलेशला सांगितली. तो म्हणाला, ताई जुन्या वळणाच्या आहेत.

त्याचे पहिले काही महिने छान गेले, खोटं कशाला बोलू. मग हवा डोक्यात गेली. "ताई, दिवाळीनंतर नोकरी सोडतोय. राजीनामा टाइप करून ठेवलाय, फक्त पाठवायचाय." मी विचारलं, मनीषाला सांगितलंस? "सांगेन ना. एक कडक महिना जाऊ दे." वर आणखी एक गंमत होती. तो ज्या पैशांवर खेळत होता ते मनीषाच्या त्या जागेच्या डिपॉझिटचे होते. एका घाईच्या दिवशी तो बोलून गेला, "उद्याच्या उद्या परत बँकेत टाकतो, तिला कळणारही नाही." गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकापाशी, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी पाळला, आणि मनीषा जिन्यात दिसली की घाईत असल्यासारखं करून सटकायला लागले. फार त्रास व्हायचा मला त्याचा.

आता भालूदादा. आमच्या ऑफिसात एसीच्या झोतातली खुर्ची त्यांची, दुसऱ्या कोणाची बसायची टाप नव्हती. बाळकुमचे आगरी. शेती गेली, तिथे टॉवर उभे राहिले, पैसा आला आणि दिवस रिकामा झाला. "घरान बसून काय करू गो बाय? दिवस जात नाय," म्हणून रोज सकाळी आमच्याकडे. येताना सोन्याची साखळी, जाताना चेहरा पडलेला. ते रोज थोडंथोडं घालवत होते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण घेऊन ठेवलेले, न खेळलेले असे एका पंपांच्या कंपनीचे पुष्कळ शेअर त्यांच्याकडे होते. त्यांच्या वाडीवरच्या विहिरीला त्या कंपनीचा पंप होता. "त्यान् मना कदी दगा दिला नाय," एवढ्या प्रेमापोटी घेतलेले. ते विकायचं नाव काढलं तर अंगावर यायचे.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी नीलेशचा फोन. "ताई, ती पंपवाली कंपनी विका."

"विका? तुझ्याकडे आहेत कुठे?"

"नाहीयेत. आज पडणार आहे ती. आधी विकतो, पडली की घेतो."

इंट्राडेत हे उलटंही चालतं. नसलेला शेअर आधी विकायचा आणि दुपारपर्यंत स्वस्तात विकत घेऊन भरपाई करायची. फक्त एक आहे, दुपारी तो विकणारा कोणीतरी भेटायला हवा. मी ऑर्डर मोठ्याने परत म्हटली, आकडा नेहमीपेक्षा बराच मोठा होता म्हणून दोनदा म्हटली. तो "हो हो, ताई" म्हणाला. दाबलं बटण.

जेवणाच्या सुट्टीनंतर बातमी आली की त्या कंपनीला कुठलंसं मोठं सरकारी काम मिळालं. झालं! लहान कंपन्यांच्या शेअरने एका दिवसात किती वर जायचं याची हद्द ठरलेली असते. हा बघता बघता हद्दीला जाऊन टेकला. तिथे टेकला की सगळ्या जगाला तो हवा असतो आणि विकायला कोणी म्हणजे कोणी तयार नसतं. स्क्रीनवर घेणाऱ्यांच्या बाजूला ही गर्दी, आणि विकणाऱ्यांची बाजू कोरी.

"ताई, घ्या ना, कितीलाही घ्या!"

"कोणाकडून घेऊ? विकतच नाहीये कोणी."

"एक तरी असेल ना यार?"

"असला तरी रांग आहे नीलेश. तू फार मागे आहेस."

तीनच्या सुमाराला तो स्वतःच ऑफिसात येऊन थडकला. पायात घरातल्या स्लिपर, केस विस्कटलेले. माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनकडे बघत राहिला. सव्वातीन झाले. कॉम्प्युटरने नेमाप्रमाणे त्याच्यासाठी घ्यायचा प्रयत्न केला, पण कॉम्प्युटर तरी कोणाकडून घेणार? साडेतीनला बाजार बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी द्यायचे शेअर नीलेशकडे नव्हते.

अशा वेळी बाजार काय करतो, तर ज्याला तुम्ही विकलेत त्याला शेअर मिळायलाच हवेत म्हणून तुमच्या नावाने लिलावात विकत घेतो. मिळेल त्या भावात, वर दंड. सगळं तुमच्या खात्यातून. मी हे सांगितलं तेव्हा नीलेश मटकन खुर्चीत बसला.

"डिपॉझिट जाईल?"

"बहुतेक सगळं."

"ताई, तो जागावाला परवा येतोय. मनीषाने पेढे आणून ठेवलेत."

त्याला रडू फुटलं. मला त्याचा इतका राग आला होता की एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. मी एसीखालच्या खुर्चीकडे बघितलं.

एक वाट होती. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, पण पूर्ण नियमातली. शेअर उसने घेता येतात, शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसे. ज्याच्याकडे आहेत त्याने एका पावतीवर सही करायची, मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा, की शेअर त्याच्या खात्यातून याच्या खात्यात. लिलाव टळतो. मग याने पुढे बाजारातून घेऊन त्याचे तेवढे परत करायचे. आमच्या ऑफिसात पावती संध्याकाळपर्यंत घेत असत. मी भालूदादांना सगळं समजावलं. ते हळूहळू ताठ बसले.

"थांब. मना समजू दे. आमी जमीन इकली, ती आमची व्हती. या पोऱ्यान् नसलेली इकली?"

"हो दादा. चालतं तसं इथे."

"चालतं?" ते नीलेशकडे वळले. "पैसं कोनाचं लावलंस?"

नीलेशने मान खाली घातली. "बायकोचे."

"घरान सांगलंय का?"

"नाही."

भालूदादा म्हणाले, "बलाव तिला. ती हितं येऊन मना 'द्या' बोलली तं देईन. नाय तं जाऊ दे लिलावात."

नीलेश गयावया करायला लागला. "काका, पाया पडतो. उद्या-परवा मी घेऊन देतो परत, तिला कळायचं काय कारण?" मलाही वाटलं, म्हातारा आता कशाला फाटे फोडतोय. तसं मी बोलूनही दाखवलं.

"बाय, तुला नाय म्हायती," ते म्हणाले. "आमच्या जमिनीची सगली सही मी एकट्यान् केली. माझी बायको वाडीवर भेंडी काढीत व्हती, तवा मशीन आलं बांधावर. तवा तिला समजलं. अजून माझ्याशी त्या गोष्टीवर बोलत नाय." मी नीलेशच्या हातात ऑफिसचा फोन दिला.

मनीषा आली तेव्हा फरसाणवाल्याकडे संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. नीलेशने सांगितलं, अडखळत, अर्धं इंग्रजीत. ती मध्येच थांबवून म्हणाली, "मराठीत सांग." मग तिने माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "ताई, म्हणजे जे विकलं ते आपलं नव्हतंच, आणि जे लावलं तेही त्याचं नव्हतं?" मी हो म्हटलं. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. चिडायला तिला वेळ नव्हता.

ती भालूदादांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, द्या. मिळतील त्या पहिल्या दिवशी परत करू."

"देतंय." त्यांनी पेन काढलं.

"एक विचारू? तुम्ही मला बोलावून घेतलंत, बरं केलंत. पण तुम्ही रोज इथे बसता ते काकूंना माहीत आहे का? काय करता ते?"

साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले होते, ते परत आत गेले. भालूदादांनी सही केली, मोबाइलवरचा आकडा मला वाचून दाखवला, आणि कोणाकडे न बघता जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी शेअर आणखी वर उघडला, पण आता विकणारे आले होते. नीलेशचा फोन आला. "ताई, थोडं थांबू या ना, खाली येईल." मागून मनीषाचा आवाज, "उसनं आहे ते. उसन्याचा भाव बघत नाहीत. घ्या ताई." घेतले. डिपॉझिटला चांगलंच भगदाड पडलं, पण लिलावात गेलं असतं तसं बुडालं नाही. जागावाला भला निघाला, उरलेलं हप्त्याने घ्यायला तयार झाला. आता तिथे भिंतीवर हत्ती आहे. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात शेअर खरोखरच धाडकन खाली आला. "थांबलो असतो तर," असं नीलेश मला अजून जिन्यात ऐकवतो. नोकरी शहाडलाच चालू आहे. राजीनाम्याचं काय केलंस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "पाठवला नाही ताई. पण ठेवलाय."

शेअर परत करायच्या दिवशी मनीषा डबा घेऊन आली. खोबऱ्याच्या वड्या. उसनं आणलेलं भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. तिने डबा भालूदादांच्या हातात दिला. "या काकूंना द्या. आणि कशाबद्दलच्या ते त्यांना नीट सांगा."

"बरं," ते म्हणाले, आणि मग कितीतरी दिवस ऑफिसला फिरकलेच नाहीत. खुर्ची रिकामी. त्यांच्याशिवाय मला चैन पडेना, आणि फोन करायचं धाडसही होईना.

मग एका सकाळी बाजार उघडून थोडा वेळ झाला होता, आणि ते दारात उभे. मागे हिरवं लुगडं नेसलेली, उन्हाने रापलेली एक बाई. हिराबाय, त्यांची बायको. त्यांनी आपली एसीखालची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. स्वतः उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हिला सांग बाय, मी हितं काय करतंय ते. सगलं सांग."

सांगितलं. काय आलं, काय गेलं, काय उरलंय. बरंच उरलं होतं, पण गेलेल्याचा आकडाही मी न लपवता वाचून दाखवला. त्या सकाळीही येताना त्यांनी रिक्षातून मला फोन करून एक सौदा लावलेला होता, तेही सांगून टाकलं. हिराबायने एकदाही नवऱ्याकडे बघितलं नाही. तिचं लक्ष माझ्या स्क्रीनवर होतं, तिथे लाल-हिरवे आकडे सारखे बदलत होते.

"यो सारका हालतंय गो," ती म्हणाली. "जरा थांबव ना. मना बघू दे."

"थांबत नाही ते, हिराबाय. बाजार चालू आहे."

"कवा थांबतंय?"

"दुपारी. उद्या सकाळी परत सुरू."

"आनि परवा?"

"परवाही."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. "ते थांबत नाय तं आपुन थांबू," ती नवऱ्याला म्हणाली. "चल."

"अगो, माझा एक उघडा हाय अजून. दुपारपर्यंत वर जाईल."

"मिटव."

भालूदादांनी माझ्याकडे बघितलं. मी नेमाप्रमाणे ऑर्डर मोठ्याने म्हटली. "हो" ते म्हणायच्या आधी हिराबायच म्हणाली. मिटवला. त्या माणसाचा सौदा सव्वातीनच्या इतका आधी मिटलेला मी कधी पाहिला नव्हता. फायदा झाला की तोटा, ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही. जाताना हिराबाय मनीषाचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली. आत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातलेली बटाट्याची सुकी भाजी होती.

मला रडायलाच आलं. त्या दिवशी दुपारी माझा पाय हलला नाही, असं लिहायला फार आवडलं असतं. पण तीन वाजले, पाय सुरू झाला, आणि टेबलावरचा फोन वाजला. नीलेश होता.

"ताई, काही नाही, सहज केला. ती पंपवाली आज कुठे आहे?"

"मनीषाला विचार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.